पाचवा चिरा

माईंचं एक व्रत होतं. सकाळी उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणालाही टाकून बोलायचं नाही. देवापुढे हात जोडून घेतलेलं आणि तेवीस वर्षं एक दिवसही न मोडलेलं. घरातली माणसं म्हणत, व्रत फार चांगलं, फक्त बारा वाजून एक मिनिटाने माईंच्या समोर उभं राहू नये.

त्या एका मिनिटाचे मानकरी बहुधा मिस्त्रीच असत. मिस्त्री म्हणजे माईंचे यजमान. सारा जन्म त्यांनी दगड घडवण्यात घालवला होता. आता हात शाबूत होते, पण दगडाच्या कचीने म्हणा, वयाने म्हणा, डोळे अधू झाले होते. समोरचा माणूस त्यांना दिसे तो धुक्यातून आल्यासारखा. आवाजावरून ओळखत, आणि माईंचा आवाज तर पायरीवर चप्पल वाजायच्या आत ओळखत.

माईंच्या भात्यात एक हुकमी बाण होता. भाजीत मीठ कमी पडल्याच्या भांडणातही तो निघे. "माझं पहिलं बाळंतपण, आणि हे राजधानीत दगड फोडत बसले होते! पोरगी तीन महिन्यांची झाली तेव्हा पाहुण्यासारखे उगवले."

त्यावर मिस्त्रींचं उत्तरही ठरलेलं. "अगं, मुलगी झाल्याची तार आली त्या दिवशी माझा चिरा उलटा बसला. चित्त होतं कुठे जाग्यावर! अजून आहे तिथे. जाऊन बघ."

"जाऊन बघायला राजधानी काय परसात आहे?"

झालं असं होतं की, राजधानीत लढाईत पडलेल्या सैनिकांचं स्मारक बांधलं जात होतं. उद्घाटनाची तारीख ठरलेली, त्यामुळे कुणालाच सुट्टी नव्हती. तिथे प्रत्येक पाथरवट आपण घडवलेल्या चिऱ्याच्या मागच्या अंगाला स्वतःची खूण टाके, म्हणजे काम कुणाचं हे मुकादमाला कळे. चिरा बसवला की खूण भिंतीच्या पोटात जाई आणि कायमची मिटे. मिस्त्रींची खूण होती चिमणीचं पाऊल: एका दांडीवर तीन रेघा. तार आली त्या दिवशी त्यांनी एक चिरा उलटा बसवला आणि चिमणीचं पाऊल जगाकडे तोंड करून राहिलं. मुकादमाच्या लक्षात येईपर्यंत वर दोन थर चढले होते.

एकेचाळीस वर्षं मिस्त्री ही गोष्ट सांगत आले होते आणि माईंचा तिच्यावर कधीच विश्वास बसला नव्हता. खरं सांगणारा माणूस कधीतरी एखादा शब्द इकडचा तिकडे करतो. हे तर पाढे म्हटल्यासारखं. बायकोची समजूत घालायला रचलेली गोष्ट, दुसरं काय.

शेवटी ज्या मुलीवरून हे सगळं होतं तीच कंटाळली. तिला घरात थोरली म्हणत. थोरलीने राजधानी दर्शनाच्या बसची तीन तिकिटं काढली आणि आईबापांपुढे ठेवली. "एकदाचा निकाल लावा बाई. माझ्या जन्मावरून किती वर्षं भांडणार आहात?"

निघायच्या दिवशी मिस्त्रींनी इस्त्रीचा सदरा घातला, दोनदा भांग पाडला आणि बसमध्ये खिडकी माईंना दिली. "तूच बघ. मला काय, काच आणि भिंत सारखीच."

गाईड म्हणजे पिवळी छत्री घेतलेली एक चुणचुणीत बाई होती. प्रत्येक ठिकाणी उतरताना ती छत्री उंच करी आणि ओरडे, "वीस मिनिटं! एकविसाव्या मिनिटाला बस सुटेल, मागे राहील त्याने इथेच संसार थाटावा!"

पहिला थांबा जुन्या राजवाड्याचा. गाईड राजांची नावं आणि सनावळ्या सांगत होती आणि मिस्त्री भिंतीवरून तळवा फिरवत चालले होते. एका कमानीपाशी ते थांबले. "ही डागडुजी आहे. मूळच्या माणसाचा हात असा नाही."

"आजोबा, हा वाडा पाचशे वर्षांपूर्वीचा आहे," गाईड हसून म्हणाली.

"बाकीचा असेल. हा चिरा माझ्याहून लहान आहे."

बसमधल्या एका निवृत्त हेडमास्तरांना राहवलं नाही. त्यांनी कोपऱ्यातली धुळकट पाटी चष्मा वर करून वाचली आणि वर्गात निकाल सांगावा तसे म्हणाले, "कमान पडल्यामुळे नव्याने बांधली. वर्षं झाली अठ्ठावीस. मिस्त्री पास!"

सगळे हसले, गाईडही हसली. पण तिथून पुढे अर्धी बस छत्रीमागून आणि अर्धी मिस्त्रींमागून चालू लागली. घोड्यावरच्या सेनापतीच्या पुतळ्यापाशी हेडमास्तरांनी विचारलं, "काय मिस्त्री, कसा वाटतो?" मिस्त्री वाकले, चौथऱ्याचे सांधे चाचपले. "घोड्याचं मला माहीत नाही. पण ज्याने हा चौथरा बांधला त्याच्यामुळे घोडा अजून उभा आहे."

माईंना मनातून बरं वाटत होतं. चारचौघांत नवऱ्याला असं कुणी विचारलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. घरी तर विचारायचे ते एवढंच, की नळ गळतोय तो कधी बघणार. त्या नळाचीही एक कथाच होती. मोरी बांधताना मिस्त्री म्हणाले होते, नळ डाव्या हाताला ठेवतो, तुला सोयीचा. झाला उजव्या हाताला. मिस्त्रींनी भिंत पलीकडे उभं राहून रचलेली, त्यांचा डावा तो माईंचा उजवा! बत्तीस वर्षं माई आडव्या होऊन बादली भरत होत्या.

दुपारी एका बागेत सगळ्यांनी डबे उघडले. थोरलीने घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आई, बारा वाजून पाच मिनिटं झाली. बोल आता."

"जेव तू," माई म्हणाल्या. "आधी बघू तरी दे."

त्यांना स्वतःचंच नवल वाटत होतं. इतकी वर्षं ती गोष्ट खोटी म्हणत आलो, आणि आता ती खोटी ठरू नये म्हणून आपला जीव टांगणीला का लागलाय? मिस्त्रींनी घास दोनच खाल्ले होते. सदऱ्याच्या कॉलरवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते.

स्मारक शेवटचं होतं. दुरूनच उंच खांब दिसला, मग रुंद पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची दगडी भिंत आणि भिंतीच्या पायाशी फुलझाडांचा पट्टा. बसमधला गोंगाट आपोआप शांत झाला. गाईडनेही छत्री मिटली.

खांबाच्या चारी अंगांना नावं कोरलेली होती. माई हात जोडून उभ्या राहिल्या आणि एकेक नाव मनात वाचू लागल्या. वीस, तीस, चाळीस. अजून एक बाजूही संपली नव्हती. यातल्या कुणाच्या घरी तेव्हा पाळणा हलला असेल, कुणी दारात उभं राहून रस्ता बघितला असेल. माझा तीन महिन्यांनी आला, माईंच्या मनात आलं. पण आला. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि खाली उतरून आल्या.

खाली थोरलीने खूण शोधायला सुरुवात केली होती. मिस्त्री सांगत होते, "पायऱ्यांच्या डाव्या हाताची भिंत. खालून दुसरा थर. कोपऱ्यापासून पाचवा चिरा." थोरलीने काठावर बसून फुलझाडांवरून वाकून पाहिलं. पाचवा पाहिला, चौथा पाहिला, सहावा पाहिला. मोबाईलवर फोटो काढून बोटांनी मोठा केला. दगड स्वच्छ होता.

"बाबा, काही नाही इथे."

"मला हात लावू दे." मिस्त्रींनी तिच्या खांद्याचा आधार घेऊन काठावरूनच हात लांब केला. बोटांची टोकं दगडाला लागली, थोडी फिरली आणि थबकली. "हा माझा नाही. परका हात आहे."

"मग कुठला?"

"हाच असायला हवा." ते पायरीवर बसले. "बदलला असेल. नाहीतर मुकादमाने नंतर घासून टाकली असेल खूण." हेडमास्तर काहीतरी बोलणार होते, पण मिस्त्रींचा चेहरा पाहून ते खांबाकडे वळले. मिस्त्रींनी माईंच्या चाहुलीच्या दिशेने मान वळवली. "मी खोटं नाही बोललो गं."

"मी म्हटलं का खोटं?"

"एकेचाळीस वर्षं म्हणतेस."

"बारानंतर म्हणते," माई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. हा माणूस आता पुन्हा इथे येणार नाही, हे त्यांना दिसत होतं. खूण नाही सापडली तर घरी जाऊन तो कुणाशी भांडणार नाही, गोष्टही सांगणार नाही. नुसता बसून राहील. त्यापेक्षा भांडण परवडलं.

दूरवर गाईडचा आवाज आला, "दहा मिनिटं!"

माईंनी भिंतीकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे. मग एकदम म्हणाल्या, "अहो, ही भिंत रचताना तुम्ही कुठे उभे होतात?"

"कुठे म्हणजे? आतल्या अंगाला. भराव आत होता ना."

"म्हणजे तोंड इकडे? रस्त्याकडे?"

"हो."

"तरी म्हटलं! माझ्या मोरीचा नळ करून ठेवलात इथेही!" माई निघाल्याच. "थोरले, चल पलीकडे. यांचा डावा हात म्हणजे आपला उजवा. बत्तीस वर्षं भोगतेय मी, मला नाही कळणार तर कुणाला!"

तिघं पायऱ्या ओलांडून उजवीकडे आले. पण इथे फुलझाडांचा पट्टा चांगला चार हात रुंद होता. काठावरून हात पोचणं शक्यच नव्हतं, आणि झुडपांमुळे खालचे थर दिसतही नव्हते. थोरलीने पाय उचलला मात्र, शिट्टी वाजली.

पहारेकरी आला. मिशा पांढऱ्या, बूट चकचकीत. "ताई, वाफ्यात जायचं नाही. पाटी आहे."

माईंनी आवाज चढवला नाही. तसा तो त्यांचा चढतही नसे, नवरा सोडून. "दादा, हे माझे यजमान. ही भिंत बांधणाऱ्यांपैकी आहेत. यांनी घडवलेला एक चिरा इथे आहे, त्याला हात लावायचाय. डोळ्यांनी दिसत नाही हो त्यांना."

"नियम आहे, मावशी. आज तुम्हाला सोडलं की उद्या सगळे येतील."

"यांच्यासारखे किती उरले असतील? सगळे आले तरी वाफा भरायचा नाही."

पहारेकऱ्याने मिस्त्रींच्या हातांकडे पाहिलं. बोटं गाठाळलेली, एका अंगठ्याचं नख कधीच नीट न उगवलेलं. तो जरा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिला. मग घड्याळ पाहून, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला, "मी त्या टोकापर्यंत जाऊन येतो. यायला तीन मिनिटं लागतात." दोन पावलं गेला आणि मागे वळला. "रोपाला पाय लागता कामा नये."

माईंनी चपला काढल्या, मिस्त्रींच्याही काढायला लावल्या आणि त्यांचा हात धरून रोपांमधून जपून जपून भिंतीपाशी नेलं. थोरलीने झुडूप बाजूला धरलं. माई मोजू लागल्या, "कोपऱ्याचा एक, दोन, तीन, चार..."

पाचव्यावर हात ठेवायच्या आधीच मिस्त्रींचा तळवा तिथे पोचला होता. त्यांनी तो हळूहळू फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. चेहरा उजळला. "हा माझा." मग त्यांनी माईंचं बोट धरलं आणि दगडावर टेकवलं.

दांडी. एक रेघ, दुसरी, तिसरी. शेवाळाखाली, पण अगदी खोल. चिमणीचं पाऊल.

माईंचं बोट तिथेच थांबलं नाही, जरा पुढे सरकलं आणि अडलं. तिथे आणखी काहीतरी होतं. त्यांनी पदराच्या टोकाने शेवाळ पुसलं, चष्मा नाकावर ओढला आणि वाकून पाहिलं. मोठ्या पावलाच्या शेजारी दुसरं एक पाऊल होतं. तसंच, पण नखाएवढं. तीन रेघा इतक्या बारीक की बारीकातली बारीक छिन्नी घेऊन, श्वास धरून मारलेल्या.

माईंनी सावकाश मान वर केली. "अहो, चिरा चुकून उलटा बसला होता ना?"

"हो तर."

"आणि हे पिल्लू?"

थोरलीने खाली वाकून पाहिलं आणि झुडूप हातातून सुटता सुटता वाचलं.

"हात घसरला असेल," मिस्त्री म्हणाले.

"तीनदा?"

"मुकादम फार कडक होता गं. मुद्दाम केलं म्हटलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

"मग यायचं होतं की घरी! मी तरी दुसरं काय मागत होते?" माई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच हसू फुटलं. डोळ्यांतही पाणी आलं, पण ते हसण्याचंच धरायचं असं त्यांनी ठरवलं. "मला तरी सांगायचं होतंत. एकेचाळीस वर्षं!"

"एकदा चुकून म्हटलं, मग तेच तोंडात बसलं. आणि तू कुठे विश्वास ठेवत होतीस?"

थोरलीने आपली करंगळी त्या छोट्या पावलात ठेवली. आता ती काही तिथे मावण्यासारखी नव्हती.

पलीकडच्या टोकाला बूट वाजले. तिघं आली तशीच रोपं चुकवत बाहेर आली. पहारेकऱ्याने त्यांच्याकडे न बघता विचारलं, "सापडलं?"

"सापडलं," माई म्हणाल्या. "दोन सापडली."

बसपाशी पिवळी छत्री पुन्हा उघडून नाचत होती. हेडमास्तर खिडकीतून डोकं काढून ओरडले, "काय मिस्त्री, पास की नापास?" मिस्त्रींनी नुसता हात वर केला.

बस सुटली. घड्याळात साडेचार वाजत होते, म्हणजे टाकून बोलायला माईंना पूर्ण मोकळीक होती. त्या खिडकीबाहेर लहान होत जाणाऱ्या खांबाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी उसासा टाकला.

"काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही हो. एवढी जपून ठेवलेली तक्रार, गेली की हातची. आता भांडायचं कशावरून?"

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "नळ आहे ना."

"हो, तो आहे," माई म्हणाल्या, आणि निवांत मागे टेकल्या.