बी. ए. लिहिलेली पेटी

मी पेटी बोलतेय. पत्र्याची, हिरव्या रंगाची, चारी कोपऱ्यांना पट्ट्या ठोकलेली. माझ्या झाकणावर पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, 'रामकिशन गजभारे, बी. ए.' यातलं रामकिशन खरं आणि गजभारेही खरं. पुढची दोन अक्षरं धादांत खोटी आहेत आणि गेली सोळा वर्षं ती माझ्या कपाळावर आहेत. तेव्हा माझं बोलणं जरा तिखट लागलं तर समजून घ्या.

माझा जन्म नांदेडचा. गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या एका बोळात पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांनी मला ठोकून ठोकून आकार दिला. कडी नीट बसते का ते बघायला त्यांनी माझं झाकण वीस वेळा आपटलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "तुमारे पोतों तक चलती देखो ये पेटी."

गिऱ्हाईक म्हणजे बिलोलीकडच्या एका खेड्यातला रामकिशन आणि त्याचे वडील. पोरगा मॅट्रिक झालेला, पुण्याला शिकायला निघालेला. त्यांच्या बौद्धवाड्यातून इतक्या लांब जाणारा तो पहिलाच. वडिलांची छाती फुगलेली होती. शेजारीच पेंटर बसला होता. नुसतं नाव लिहावं की नाही? पण वडील म्हणाले, "चार वरसानं बी. ए. होणारच हाय. पुन्हा कशाला रंग लावता? आताच लिवून टाका." लग्न ठरायच्या आधी बारशाची कुंची शिवावी, तसला प्रकार. पेंटरने लिहिलं. रामकिशनही खुळ्यासारखा हसत उभा होता.

मग पुणं. वसतिगृहातल्या एका खाटेखाली मला सरकवलं. आता आमच्या भागातल्या माणसाची एक खोड तुम्हाला सांगते. पाणी दिसलं की तो भरून ठेवतो. तहान असो वा नसो, आधी भरतो. रामकिशन सगळ्यांच्या आधी उठायचा, दोन बादल्या काठोकाठ भरायचा आणि माझ्याशेजारी लपवून वर ताटली झाकायचा. नळाला दिवसभर पाणी होतं, तरी भरायचा. चौथ्या दिवशी खोलीतल्या पोरांना त्या बादल्या सापडल्या. पोरं पोट धरधरून हसली. त्याचं नाव त्यांनी 'पाणपोई' ठेवलं. "काय पाणपोई, आज किती भरल्या?" एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. पण रामकिशनने वर्गात जाणं सोडलं आणि बाराव्या दिवशी सकाळी मला खाटेखालून ओढलं.

घरी कोणत्या तोंडाने जाणार? कुर्डुवाडीहून छोट्या गाडीने तो लातूरला उतरला आणि एका डाळमिलमध्ये हिशेबनीसाच्या हाताखाली राहिला. नऊ महिने मी तुरीच्या भुशात पडून होते. घरी पत्रं जायची ती लातूरहून. गावातले गुरुजी ती वडिलांना वाचून दाखवायचे, पण पाकिटावरचा शिक्का एकदाही बघितला नाही त्यांनी. उन्हाळ्यात हा गावी गेला आणि तोंड पाडून म्हणाला, "पुण्याचं हवापाणी बाधलं मला."

झालं. तेव्हापासून हा पुण्याचा जाणकार. पुढे बिलोलीच्या एका शाळेत कारकून झाला, तरी लोक त्याला 'बी. ए. मामा' म्हणायचे आणि हा ऐकून घ्यायचा. कुणाचं पोरगं हुशार निघालं की त्याला रामकिशनपुढे आणून उभं करायचे. हा मान हलवायचा आणि म्हणायचा, "हवापाणी बाधतं." मुदखेडचा नरसिंग नावाचा पोरगा, गणितात पहिला, याच्या एका वाक्यावर घरी बसला. सांगणाऱ्याला लाज नव्हती आणि ऐकणाऱ्यांनी एक उलटा प्रश्न विचारला नाही. माणसांच्या सल्लामसलतीचं मला हसू येतं ते यामुळे.

मला मात्र त्याने फार दिवस डोळ्यांसमोर ठेवलं नाही. थोरली बहीण विठाबाई माहेरी आली, तेव्हा "आक्का, गोधड्या ठेवायला ने" म्हणून मला तिच्या गळ्यात मारलं. अशी मी अहमदपूरला आले. विठाबाईचा नवरा शेषेराव तहसील कचेरीत शिपाई. त्यांची मुलगी सिंधु माझ्यापुढे मांडी घालून बसायची, माझ्या झाकणावर वही ठेवायची आणि पहिलीपासून बारावीपर्यंतचा सगळा अभ्यास तिने माझ्यावरच केला. या घरात मला आवडलेलं माणूस ते एकच.

ती बारावी झाली तेव्हा लातूर जिल्हा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. कचेरीवरच्या पाटीवरचं उस्मानाबाद खरवडून तिथे लातूर लिहिलं होतं आणि त्या रंगाचा वास अजून शेषेरावांच्या बोलण्याला येत होता. पाटी नवी आली, पाणी काही आलं नाही. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. टँकर आला की सिंधु घागरी घेऊन पळायची.

त्या उन्हाळ्यात वाड्यात बोअर घ्यायचं ठरलं. आधी पाणाडी आला. तळहातावर नारळ ठेवून हिंडला, नारळ उभा राहिला तिथे बोट दाखवलं. यंत्राने दोनशे फूट खणलं आणि गल्लीभर पांढरी धूळ उडाली. मग सरकारी साहेब आला. त्याने जमिनीत खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, वहीत काही मांडलं आणि दुसरीकडे खूण केली. तिथे नव्वद फुटांवर पाणी लागलं. सगळे पाण्याकडे धावले. सिंधु साहेबाकडे गेली आणि म्हणाली, "हे कुठं शिकवतात?"

"जिऑलॉजी म्हणतात याला. मी पुण्याला शिकलो."

त्या दिवसापासून पोरीने ध्यास घेतला. जवळपास चौकशी केली, तिथे तो विषय नव्हता. तिने पुण्याला अर्ज केला आणि प्रवेशाचं पत्र आलं. वसतिगृहात जागा होती. पंधरा तारखेच्या आत हजर राहायचं होतं.

लगेच शहाण्यांची बैठक भरली. शेषेराव, विठाबाई, शेजारचे किराणा दुकानवाले गुरुपादप्पा आणि मुद्दाम बोलावून घेतलेला रामकिशन. तो बसला कुठे? माझ्यावर. बरोबर बी. ए.वर.

"आता आपला जिल्हा झाला," शेषेराव म्हणाले. "कलेक्टर बसून राहिला लातूरला. उद्या सगळं हितंच येतंय. पुण्यात काय ठेवलंय?"

"नांदेडला घाला की," गुरुपादप्पा म्हणाले. "सक्काळी यष्टीत बसली की जेवायला घरी." यांना कॉलेज म्हणजे आठवडी बाजार वाटतो.

सिंधुने वहीत प्रश्न लिहून आणले होते. "मामा, पुण्यात पहिल्या वर्षाला शिकवतात ते इंग्रजीत का मराठीत?"

"दोन्ही असतंय."

"समजलं न्हाई तर सर पुन्हा सांगतात का?"

"मोठी लोकं असतात ती."

"लायब्ररी किती वाजता उघडते?"

"उघडते की. लई मोठी हाय." मग त्याने घाम पुसला आणि ठेवणीतलं वाक्य काढलं. "पोरी, मी वर्ष काढलंय तिथं. हवापाणीच बाधतंय आपल्याला. माणूस उभ्याचा आडवा होतो."

मला हात असते तर तिथल्या तिथे झाकण उघडून याला खाली पाडला असता. पण शेषेरावांनी मान डोलावली. "राहून आलेला माणूस सांगून राहिला, मंग संपलं."  सिंधुने पत्राची घडी घालून ती माझ्यात गोधड्यांच्या तळाशी ठेवली आणि झाकण लावलं. 

दुसऱ्या दिवशी विठाबाईने गोधड्यांना ऊन द्यायला सांगितलं. बोअरचं पाणी पिण्यापुरतंच, धुवायला कुठलं! सिंधुने मला रिकामं केलं, पत्र काढून पोलक्यात खोचलं आणि तळाचा जुना, कसर लागलेला पेपर बदलायला उचलला. त्याखाली एक लहानसं पुस्तक होतं. पुण्याच्या खानावळीचं कूपनबुक. ते फेकायची हिंमत रामकिशनला कधी झाली नव्हती. वर त्याचं नाव, महिना जुलै, रोजची दोन कूपनं. सिंधुने फाडलेली कूपनं मोजली. पुन्हा मोजली.

रामकिशन बाहेर लिंबाखाली बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"मामा, बावीसच फाटलेत. अकरा दिवस."

"मंग मी खानावळ बदलली."

"मामा, खरं सांगा. माझी पंधरा तारीख परवा हाय."

 मग त्याने सांगितलं. बादल्या सांगितल्या, ताटली सांगितली, पाणपोई सांगितलं, डाळमिल सांगितली. सोळा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस खरं बोलत होता आणि त्याला ते धड जमतही नव्हतं.

सिंधु म्हणाली, "एवढंच?"

"तुला एवढंच वाटतंय. लई हसत्यात गं. तू बी पाणी भरशील बघ, हात ऐकत न्हाई आपला."

"भरीनच की. हसू द्या त्यांना. बादली भरली म्हणून कुणी घरी येतंय व्हय?"

रामकिशनचे डोळे भरून आले. "तवा मला कुणी असं म्हणलं न्हाई गं पोरी," तो म्हणाला. मी त्याला सोळा वर्षं शिव्या घातल्या, त्या दिवशी मात्र एकही सुचली नाही.

संध्याकाळी तो स्वतः शेषेरावांपुढे जाऊन उभा राहिला. गुरुपादप्पाही होते. "दाजी, मी पुण्यात अकरा दिवस होतो. तेवढ्यात मला काय बी कळलं न्हाई. माझ्या नादी लागू नका. पोरगी विचारून राहिली ते सगळं तिथं जाऊनच कळतं. तिला जाऊ द्या."

 शेषेरावांनी माझ्याकडे बोट केलं. "आन् हे बी. ए.?"

"ते पेंटरनं दिलं, दाजी."

विठाबाई उठली आणि पिठाचा डबा काढून दशम्या करायला बसली. तिच्या बाजूचा निर्णय तेवढाच होता. शेषेराव बडबडत राहिले, पण सकाळच्या गाडीची वेळ त्यांनीच विचारून आणली.

मला वाटलं, आता माझी पाळी. पुन्हा पुणं! मला पुसून ठेवलं होतं, कडीला तेल दिलं होतं. मी मनात सगळं ठरवलं होतं, पोरीला काय सांगायचं, कुठे सावध करायचं. सिंधुने मला एका हाताने उचलून बघितलं आणि खाली ठेवलं. "ही लई जड हाय. आन् नाव मामाचं." ती रेक्झिनची बॅग घेऊन निघाली. दुसऱ्या हातात झाकणाची नवी बादली होती. ती मामानेच बाजारातून आणून दिली होती.

मी कोपऱ्यात राहिले आणि मला भलताच राग आला. मला सोडून जाते? पुणं पाहिलेली या घरात मी एकटी! मग हळूहळू मला आठवलं की मी पुणं पाहिलं म्हणजे किती पाहिलं. खाटेखालून. अकरा दिवस. वर्ग पाहिला नाही, लायब्ररी पाहिली नाही. सोळा वर्षं ज्या माणसाला मी हिणवत आले, त्याच्याइतकीच माझी अक्कल होती, वर ती कुणी विचारलीही नव्हती. रामकिशनने निदान कबूल तरी केलं.

दसऱ्याला तो आला होता. गुरुपादप्पा आपल्या पुतण्याला, संगप्पाला, घेऊन आले आणि म्हणाले, "ह्याला कुठं घालावं सांगा." रामकिशन सवयीने माझ्यावर बसला, मग उठून सतरंजीवर बसला. "मी अकरा दिवसांचा माणूस, आप्पा. सिंधु दिवाळीला येणार हाय, तिला विचारा. आन् प्रश्न लिवून आणा."

आता माझं एक मागणं आहे. कालच शेषेराव पेंटरला घेऊन आले होते. त्यांनी माझ्या झाकणावर हात फिरवला आणि म्हणाले, "हे खरवडा आन् लिवा, कुमारी सिंधु, बी. एस्सी." पेंटर उद्या रंग घेऊन येतोय. कुणीतरी त्या दोघांना आवरा हो. खरवडायचं ते खुशाल खरवडा, मी हूं की चूं करणार नाही. पण लिहू नका. पोरगी जाऊन चारच महिने झालेत. तिची तीन वर्षं तिची तिला काढू द्या, तोवर माझं झाकण कोरं राहिलं तर काही बिघडत नाही.