बिनजखमेचे नारळ

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे, पण मला साधासुधा समजू नका! लातूरजवळच्या एका डाळमिलच्या फाटकाशी माझे ठाण आहे आणि माझ्या डोक्यावर नारळ फुटतात. खाणीतून मला आणले होते मिलच्या पायासाठी. गवंड्याने दोनदा फिरवून पाहिले, "बसंना हे," म्हणाला आणि बाजूला लोटून दिले. पायात गेलो असतो तर जन्मभर अंधारात राहिलो असतो. बाहेर राहिलो म्हणून केवढी मजा पाहिली!

नवी मशीन आली की नारळ, दसऱ्याला नारळ. पण सगळ्यात जास्त नारळ फुटत ते कुणी थोडक्यात वाचले की. पोत्यांची थप्पी कोसळली आणि माणूस उडी मारून बाजूला झाला, फोडा नारळ! ट्रक मागे येताना कुणाच्या अंगाला घासून गेला, फोडा नारळ! सगळे जमत, खोबरे वाटत, वाचलेला माणूस रंगवून रंगवून हकिकत सांगे. करवंट्या कँटीनच्या गुणाबाई माझ्यामागे रचून ठेवत, थंडीत बंब पेटवायला. देवणीकडच्या सिंधूताई सरकत्या पट्ट्यावरच्या तुरीतले खडे वेचत. त्यांचा पदर पट्ट्याच्या रुळात सारखा अडके आणि त्या तो हिसडून सोडवत. त्यांचे नारळ तर मला तोंडपाठ झाले होते.

मग मिल एका परदेशी कंपनीने घेतली. तिच्या गिरण्या जर्मनीत आणि अमेरिकेतही होत्या. अपघातांच्या नोंदी ठेवायला हदगावची लुंबिनी नावाची तरुण अधिकारी आली. एकदा ती माझ्याशेजारी उभी राहून भागवत मुकादमांना समजावत होती. मी कान टवकारून ऐकले.

"आपल्याकडं जखमी माणूस दोन दिवस कामावर येऊ शकला न्हाई की सरकारला कळवायचं. जर्मनीत तीन दिवसांच्या वर गेलं की. अमेरिकेत टाके पडले की नोंद, मग माणूस दुसऱ्या दिवशी कामावर का येईना."

अरे वा! बोट एकच कापले, पण अपघात कुठे झाला म्हणायचा आणि कुठे नाही, हे देशावर! मी थक्क झालो.

"आपलं तर तिन्हीकडं शून्य हाय," भागवत ऐटीत म्हणाले.

ते खरेच होते. त्या शून्यासाठी मिलला कंपनीचे बक्षीस जाहीर झाले. फाटकाशी मांडव पडला, मोठा पडदा लागला. परदेशातले साहेब त्यावरून सोहळा पाहणार होते. मला धुऊन कुंकू लावले. मी फुगून फुटायचा बाकी होतो!

पडद्याची वायर सरकवायला लुंबिनी माझ्यामागे आली आणि थबकली. "गुणाबाई, एवढ्या करवंट्या कशाच्या?"

"वाचल्याच्या, बाई. कुणी वाचलं की फोडतेत."

लुंबिनीचा चेहरा उतरला. "थोडक्यात टळलेल्या घटनांचा वेगळा रकाना आहे कंपनीचा. त्यात आपण शून्य लिहिलंय."

"कुणाला लागलं का? न्हाई. मग काय लिहून राहिल्या मॅडम?" भागवत म्हणाले.

 लुंबिनी सगळ्यांना बोलावून म्हणाली, "आपापल्या नारळाची करवंटी उचला. ज्या गोष्टीपायी फोडला, तिच्या नावानं वेगळी ठेवा."

माणसे हसत पुढे आली. थप्पीच्या नावाने काही, ट्रकच्या नावाने काही. पट्ट्याच्या नावाने मात्र ढीगच लागला, कारण तिथे सिंधूताईंच्या शेजारी खडे वेचणाऱ्या बायकाही आल्या. हसणे थांबले.

"पट्ट्याला जाळी हवी," लुंबिनी म्हणाली. "तोवर तो बंद ठेवावा लागंल."

"बंद झाला तर माझा रोज कोण देईल?" सिंधूताई तडकल्या. "मला काई झालं न्हाई."

"खरं हाय, ताई," लुंबिनी म्हणाली. "हातबी अजून दोन्ही हायेत."

सिंधूताईंनी त्या ढिगाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. त्या आत गेल्या. आणि एकदम पट्ट्याचा खडखडाट थांबला. त्यांनी स्वतःच पट्टा बंद करायचे लाल बटण दाबले होते!

व्यवस्थापक रविकांत साहेब धावत आले. "आत्ता? कार्यक्रम चालू झालाय!" पडद्यावर कंपनीच्या परदेशातल्या मुख्य बाई दिसत होत्या आणि त्यांनाही सगळे दिसत होते. त्यांनी करवंट्यांकडे बोट दाखवून काही विचारले. लुंबिनीने घाबरत सगळे खरे सांगितले. बाई बराच वेळ बोलल्या. मला एक अक्षर कळले नाही, पण माझ्या अंगावरचे कुंकूसुद्धा थरथरत असावे!

लुंबिनी वळली. "बक्षीस रद्द." रविकांत साहेबांनी कपाळाला हात लावला. "पण जाळी बसेपर्यंत पट्टा बंद, आणि सगळ्यांचा रोज चालू!"

काय तो गलका उडाला! सिंधूताई तिथेच मटकन बसल्या आणि रडू लागल्या. गुणाबाईंनी त्यांना पोटाशी धरले.

जाळी बसली. सिंधूताईंचा पदर आजही पंख्याच्या वाऱ्याने उडतो, पण जाळीला लागून परत येतो. आणि परवा काय झाले सांगू? भागवत मुकादम धापा टाकत लुंबिनीकडे आले. "मॅडम, जिन्यावर तेल सांडलंय. पाय घसरला, पडलो न्हाई. लिवा लौकर, मागून पोरी येऊन राहिल्यात!"

मित्रांनो, तुम्हीही घरी, शाळेत, रस्त्यावर कधी थोडक्यात वाचाल. आनंद जरूर करा. पण लागले नाही म्हणून गप्प बसू नका. तुमच्या मागून कुणीतरी त्याच वाटेने येत असते.