चांदी मोजणारी भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. विटा भाजणारी नव्हे, चांदी मोजणारी. माझ्या पोटात पेन्सिलीतल्या शिशासारखी काळी, बोटाच्या पेराएवढी नळी आहे. तिच्यात द्रावाचा एक थेंब टाकतात. मी तो सुकवते, जाळते आणि शेवटी अशी पेटते की चांदीची वाफच होते. त्या वाफेने दिव्याचा उजेड किती गिळला, त्यावरून चांदी किती ते कळते. शाळेचे तोंड मी पाहिले नाही, पण चांदीतले मला कोणी शिकवू नये!

वीस वर्षे मी या प्रयोगशाळेत राबले. मग नवे यंत्र आले. ते म्हणे चांदीचे कण एकेक करून मोजते, वर त्यांचा आकारही सांगते. माझ्या डोक्यावर लोक हातमोजे वाळत घालू लागले.

या नव्या यंत्राची, म्हणजे आमच्या नवीची, नळी केसाएवढी. ती तुंबू नये म्हणून तपासनीस दादा प्रत्येक द्राव आधी बारीक गाळणीतून गाळत. "नाजूक आहे हो ती," म्हणत. अहो, मीही कधीकाळी नवी सून होते. माझे नाही झाले असले लाड!

एके दिवशी एका कारखान्यातून भाजलेल्या रुग्णांच्या जखमा धुण्याचा द्राव तपासायला आला. त्यात चांदीचे कण होते. नवीने चांदी हवी त्याच्या निम्मीच दाखवली. कारखान्याचे साहेब लगेच म्हणाले, "मग दुप्पट घालतो. संध्याकाळी पिंपं रवाना."

"थांबा," प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "आकडा चुकीचा असला, तर ती जादा चांदी उघड्या जखमेवर जाईल."

"बाई, मशीन नवंकोरं आहे," दादा म्हणाले.

"नवंकोरं म्हणून खरं बोलतं का? आमचा जावईही नवाकोराच होता!"

बाईंनी चांदी न घातलेला तसलाच द्राव घेतला आणि त्यात स्वतः मोजून चांदीचे कण मिसळले. अर्धा दादांनी नेहमीसारखा गाळून नवीला दिला. अर्धा न गाळता, आम्लात विरघळवून मला. कित्येक महिन्यांनी माझी कळ दाबली गेली. मनात म्हटले, भंगारात गेले तरी चालेल, पण आज खोटी पडणार नाही.

नवी म्हणाली, निम्मी. मी म्हणाले, पुरी. तीनदा विचारले, तीनदा पुरी!

"दादा, गाळणी कुठाय?"

"टाकली की."

"काढा."

कचऱ्याच्या डब्यातून गाळणी निघाली. ती आम्लात भिजवून त्याचा थेंब मला दिला. हरवलेली निम्मी चांदी तिथेच होती! त्या दाटसर द्रावात कणांच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि गाळणीत अडकल्या होत्या.

दादांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मीच चांदी कचऱ्यात टाकत होतो!"

"मग बिचाऱ्या नवीनं काय मोजायचं? ताटात वाढलंच नाही तुम्ही," बाई म्हणाल्या.

मग कारखान्याचा द्राव न गाळता माझ्याकडे आला. चांदी हवी तितकीच होती, रतीभर कमी नाही की जास्त नाही. साहेबांनी पिंपे जशीच्या तशी रवाना केली. त्या संध्याकाळी बाईंनी स्वतः मला पुसले. आता चांदी किती ते मी सांगते, कण केवढे ते नवी सांगते.

मित्रांनो, यंत्र जुने की नवे हे विचारू नका. आधी ठाऊक असलेले माप त्याला मोजायला द्या. ते पुरे परत आले, तरच विश्वास ठेवा. आणि आमची निगा राखा. आमच्या आकड्याच्या भरवशावर कोणीतरी आपली उघडी जखम पुढे करत असते.