तुटत आलेली केबल

मित्रांनो, बोरी गावच्या शेवटच्या गल्लीत, पत्र्याच्या सावलीला एक लाल मोटरसायकल उभी असते. तिच्या टाकीला मोठा पोचा पडला आहे आणि सीटला ठिगळ आहे. ती जुनी गाडी म्हणजे मी.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ट्रकमधून मी जिंतूरला आले आणि दसऱ्याच्या दिवशी व्यंकटीने मला घरी नेले. त्याच्या बायकोने, कडूबाईने, माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला. मग मी राबले. दुधाचे कॅन वाहिले, पेंडीची पोती वाहिली. ऊसतोडीला ते दोघे गेले की मीही जायचे आणि पाठीवर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेऊन यायचे. "लय गुणाची गाडी हाय," व्यंकटी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

पुढे त्याचा गुडघा गेला. त्याला किक मारता येईना. दोन वर्षे मी गळक्या गोठ्यात उभी होते. कोंबड्या माझ्या सीटवर बसायच्या. पावसाचे पाणी हँडलवरून पुढच्या ब्रेकच्या केबलमध्ये झिरपायचे. वरचे काळे रबर धड होते, पण आतल्या तारा गंजत होत्या.

मला बाहेर काढले ते त्यांच्या मुलीने, ज्ञानेश्वरीने. तिने चेन रॉकेलने धुतली, ऑइल बदलले आणि कॉलेजला माझ्यावरून जाऊ लागली. काळ्या मातीच्या चिखलात जिथे बैलगाडी रुतायची, तिथून ती मला अलगद काढायची. एके दिवशी तिला कळले, जिंतूरजवळच्या माळावर गाडी चालवण्याची स्पर्धा आहे. तिथे वेगाला मान नव्हता, कसबाला होता. दगड, चिखल, उतार पार करायचा आणि पाय जमिनीला टेकला की गुण कापायचे. तिने नाव दिले.

ती रोज सराव करू लागली आणि माझी झोप उडाली. ती पुढचा ब्रेक दाबायची आणि केबलमधली एखादी बारीक तार तुटायची. टक्. आवाज इतका हलका की फक्त मलाच कळायचा. मी तिला सांगणार तरी कशी?

स्पर्धेच्या सकाळी व्यंकटी लंगडत माळावर आला. खड्ड्यावरच्या अरुंद फळीवरून ज्ञानेश्वरीने मला सरळ नेले. चिखलात नव्या, उंच गाड्या अडकल्या होत्या. आम्ही पाय न टेकता निघालो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मागचा नंबर ताडकळसच्या योगीराजचा होता. तो म्हणाला, "ताई, तुमी लय भारी चालवायलात."

आता फक्त उतार उरला होता. मुरमाचा, उभा उतार, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला जुनी खदान. वरून तिचा तळ दिसत नव्हता.

"घाबरू नको गं," ज्ञानेश्वरीने माझी टाकी थोपटली. तिचा तळवा घामाने ओला होता. केबलमध्ये तीनच तारा उरल्या होत्या. मी तिच्याहून जास्त घाबरले होते.

निम्म्या उतारावर तिने ब्रेक दाबला. टक्. टक्. टक्. तिच्या हातातला लिव्हर एकदम ढिला पडला. तिने मागचा ब्रेक दाबला, तर माझे मागचे चाक खदानीकडे घसरू लागले. तिला उडी टाकता आली असती, पण मी सुटून खाली गेले असते आणि उताराच्या पायथ्याशी माणसे उभी होती. तिने हँडल डोंगराच्या बाजूला वळवले आणि आम्ही दोघी आदळलो.

तिचा पाय माझ्या तापलेल्या सायलेन्सरखाली अडकला. इंजिन चालूच होते. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होते आणि त्याचा ओघळ सायलेन्सरकडे सरकत होता. तिचा हात चावीपर्यंत पोचत नव्हता. मित्रांनो, इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"चावी! चावी बंद करा!" ती ओरडली.

उताराच्या माथ्यावर थांबलेल्या योगीराजने स्वतःची गाडी तिथेच टाकली. तो बसून घसरत खाली आला, चावी फिरवली आणि मला उचलून बाजूला केले.

तिची पोटरी भाजली होती, हाड मोडले होते. व्यंकटी धापा टाकत वर आला. तुटलेल्या केबलचे टोक हातात घेऊन तो मटकन खाली बसला.

"मला म्हाईत व्हतं, माय," तो म्हणाला. "ब्रेक दाबाया जड जायलाय, हे मला मागंच कळलं व्हतं. बाजारच्या दिवशी बदलू म्हणलो, अन् राहून गेलं."

ज्ञानेश्वरीने डोळे मिटून घेतले.

ती प्लास्टरमध्ये होती, तेवढ्या दिवसांत व्यंकटीने माझ्या सगळ्या केबली स्वतः बदलल्या. प्लास्टर निघाल्यावर ती माझ्यावर बसली, पण किक मारीना.

"बाबा, भ्या वाटायलंय."

"मलाबी वाटायलंय," तो म्हणाला. त्याने मागून मला धरले आणि अंगणात हळूहळू ढकलत नेले. ती पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून बघत होती.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना हाक मारता येत नाही. ब्रेक दाबायला जड जातो, चेन करकरते, चाक डगमगते, एवढीच आमची बोली. ती कानावर आली की त्याच दिवशी थांबा आणि बघा. आमच्या पाठीवर कुणाची तरी लेक बसलेली असते.