आचाऱ्याच्या लेकीची झोप

आचारी म्हणजे मोठा अकडू माणूस. हॉटेलच्या भटारखान्यात त्याच्यापुढे ब्र काढायची मालकाचीसुद्धा टाप नव्हती, मग घरच्यांची काय कथा! लेकीचं, चिमणीचं, वजन वाढायला लागलं तेव्हा त्याने जाहीरच केलं, "खाण्याचं माझ्यावर सोडा. माझ्याएवढं कुणाला कळतं?"

आणि कळतही होतं, खोटं कशाला बोला. तेल कमी झालं, साखर घरातून हद्दपार झाली, बिस्किटं शेजारच्या पोरांना वाटून टाकली. तरी चिमणीचा शाळेचा नवा स्कर्ट कमरेला बसेना. वर्गातली कार्टी तिला 'पिंप' म्हणायची. ती मधल्या सुट्टीत खेळायला जाईनाशी झाली.

बायकोने दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आचाऱ्याने लेकीचा घास न् घास घडाघडा सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झोपते कधी?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे.

"बाबा आल्यावर," चिमणीच बोलली. "तेव्हा आमची गंमत असते ना!"

हॉटेल बंद करून तो यायचा तेव्हा अख्खी गल्ली घोरत असायची. ही मात्र टक्क जागी. मग दोघं ओट्याशी बसून काहीबाही खायची, तो गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, ती खिदळायची. दिवसभराच्या धगीनंतर तेवढंच त्याचं सुख होतं. सकाळी आई तिला ओढून उठवायची.

"मुलांची झोप अपुरी राहिली की भूक वाढते, खेळायचा उत्साह जातो," बाई म्हणाल्या. "वजनाला कारणं बरीच असतात, पण आधी हे सुधारा. ताटाचं तुम्ही उत्तम केलंय, आता अंथरुणाचं बघा."

"म्हणजे लेकीला मी भेटायचंच नाही?" आचारी भडकला. "सकाळी मी मढ्यासारखा झोपलेला, संध्याकाळी शेगडीपाशी. भेटू कधी?"

"ते तुम्ही ठरवा."

घरी पोचेपर्यंत तो धुसफुसत होता. पण गडी हट्टी, एकदा मनावर घेतलं की घेतलं. चिमणीला वेळेवर अंथरुणात घालायचं ठरलं. सुरुवातीला तिने रडून आकांत मांडला. किल्ली वाजली की ताडकन उठून बसायची. मग काय, हा पठ्ठ्या जिन्यातच चोरासारखा बसून राही, आणि बायकोने दार उघडून खूण केली की आत शिरे. आतून लेकीची मुसमुस ऐकू यायची तेव्हा जीव तुटायचा त्याचा.

आणि सकाळी? ज्याला कोवळं ऊन कसं असतं ते ठाऊक नव्हतं, तो लेकीच्या आधी उठायला लागला! डोळे चोळत, चरफडत तिच्यासाठी नाश्ता बनवायचा, नकला करायचा, तिला शाळेपर्यंत चालत सोडायचा आणि घरी येऊन पुन्हा आडवा व्हायचा.

काही महिन्यांनी एका सकाळी चिमणीने अर्धं ऑम्लेट ताटलीतच ठेवलं.

"का गं? आवडलं नाही?" आचाऱ्याचा आवाज चढला. त्याच्या हातचं आजवर कुणी असं परत केलं नव्हतं.

"आवडलं की! पोट भरलं, बाबा. चला ना लवकर, घंटेच्या आधी आमची पकडापकडी असते." आणि ती धडधडत जिना उतरलीसुद्धा.

आचारी ताटली हातात धरून उभा राहिला. मग आतल्या खोलीकडे बघून ओरडला, "अगं, ऐकलंस का? पोरीने माझं ताट परत पाठवलं!" आणि एवढा अकडू माणूस, भर सकाळी ओट्याशी ढसाढसा रडला.