तळ्याची पहाट

माझा थोरला भाऊ बरण्यांवर चिठ्ठ्या लावत नाही. "घरातली माणसं ओळखायला त्यांच्या गळ्यात पाट्या घालतो का आपण?" असं त्याचं म्हणणं. आमच्या काचचित्रांच्या शेडमध्ये भिंतभर फळी आहे आणि तिच्यावर रंगीत काचेच्या भुकटीच्या बरण्या. डावीकडे निळ्या, मग हिरव्या, मग जांभळ्या आणि पार उजव्या टोकाला तांबड्यांचं गोत. दादाचा हात न बघता हव्या त्या बरणीवर जातो. गेली दोन वर्षं तो खरोखरच न बघता जातोय, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना म्हणजे मला आणि वहिनीला. आम्हाला ठाऊक नाही, असं दादाला वाटतं.

डॉक्टरांकडे तो एकटाच गेला होता आणि "नंबर थोडा वाढलाय" म्हणत परत आला. वहिनी कसली ऐकते. तिने दुसऱ्या दिवशी फोन करून डॉक्टरांकडून खरं काय ते काढून घेतलं. डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात, रंग आधी जातील, मग बाकीचं. त्या दिवसापासून आमच्या घरात तीन माणसं एकमेकांशी गोड खोटं बोलत राहतात. दादा कपाबाहेर चहा ओततो आणि वहिनी म्हणते, "अहो, हा कपच मेला वाकडा आहे."

अशात हॉटेलचं काम आलं. टेकडीवर नवं हॉटेल झालंय आणि त्याच्या जेवणघराच्या खिडक्या नेमक्या गाड्या लावायच्या जागेकडे उघडतात. मागचं तळं आणि त्यापलीकडचा डोंगर दिसतो फक्त स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून. बांधणाऱ्याची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. मॅनेजरला आता तेच दृश्य काचेत करून भिंतीवर हवं होतं.

"पहाट करू," दादा म्हणाला. "ऊन यायच्या आधीची. पाणी निळसर हिरवं, डोंगर जांभळा, वर एक फिकट पट्टा. बाबा मला तिथे घेऊन जायचे, ठमे. तू तेव्हा पाळण्यात होतीस." ठमी म्हणजे मी. पन्नाशीला आले तरी ठमीच.

चित्र मी आखलं, खालची पारदर्शक काच मी कापली. तिच्यावर चाळणीने भुकटी पेरणं हे दादाचं काम. ते तो कुणाला देत नाही. कच्ची भुकटी पिठासारखी फिकी असते, खरा रंग भट्टीतून निघाल्यावर उघडतो. चांगल्या डोळ्याला निळ्या-तांबड्या पिठातला फरक कळतो. दादाला ते सगळं एकच पीठ. म्हणून तो पेरायला बसला की मी काही ना काही निमित्त काढून शेडमध्येच घुटमळते. त्या दिवशी मात्र मॅनेजरने भिंतीच्या मापासाठी बोलावलं आणि मी गेले.

परतले तेव्हा भट्टी लागली होती. दादा खुर्ची टाकून तिच्याशेजारी बसला होता, गुणगुणत. "तुझ्यासाठी थांबलो नाही. हात बसला होता, म्हटलं मोडू नये."

मी मापाची पट्टी ठेवायला फळीकडे गेले आणि थबकले. बरण्या चकाचक होत्या. मोठ्या सगळ्या मागे, छोट्या पुढे, शाळेतल्या फोटोसारख्या. तांबड्या बरण्या डावीकडे आल्या होत्या.

वहिनी मागच्या ओट्यावर कपडे पिळत होती. मी हळूच विचारलं, "वहिनी, बरण्या तुम्ही लावल्यात?"

"हो गं. काल तू दुकानात गेलीस ना, तेव्हा. त्यांचा हात लागून छोट्या पडतात, परवा एक फुटली. म्हटलं छोट्या पुढे घेतल्या तर हाताला लागतील तरी, आणि धूळही..." ती बोलता बोलता थांबली. माझा चेहरा तिला दिसला होता. बत्तीस वर्षांत वहिनीने त्या फळीला हात लावला नव्हता. लावला तो त्याच्या काळजीपोटी. माणसाने चांगलं तरी किती जपून करावं?

"उघड ना मग ती भट्टी," ती म्हणाली.

"आता उघडली तर काच तडकेल. सगळीच जाईल."

"मग?"

मग काही नाही. मी झरोक्यातून आत बघितलं. तापलेल्या भट्टीत सगळंच लाल दिसतं, पाणीही आणि डोंगरही. काचेला निवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, मग बाहेर कुणाचा जीव टांगणीला लागलेला असो. मला वहिनीचा राग आला, मॅनेजरचा आला आणि त्या खिडक्या चुकीच्या भिंतीत बसवणाऱ्याचा तर फारच आला.

"त्यांना सांगू नकोस," वहिनी म्हणाली. तिचे हात अजून ओले होते. "हे काम सुटलं तर ते त्या खुर्चीत बसतील आणि पुन्हा उठायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

मीही ओळखत होते. मी हो म्हटलं.

भट्टी निवल्यावर दादानेच झाकण उचललं. आत तळं तांब्यासारखं पेटलं होतं, डोंगर काळपट तपकिरी होता आणि वरचा पट्टा लालभडक. एक तडा नाही, एक बुडबुडा नाही. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "सुंदर झालंय गं," आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

दादाने तळहात काचेवरून फिरवला. "निळा कसा उतरलाय?"

"तू म्हणाला होतास तसाच," मी म्हटलं.

नवी काच करायला वेळ नव्हता, आणि केली असती तर दादाला काय सांगणार होते? बसवायच्या दिवशी मी मॅनेजरला आधीच बाजूला घेतलं आणि विनवलं, रंगाविषयी अवाक्षर काढू नका. भला माणूस होता. त्याने नुसतं "अप्रतिम" म्हटलं आणि दादाचा हात हातात घेतला. दादा लहान मुलासारखा हसला.

तेवढ्यात आतून आचारी आला, हात पुसत. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो भिंतीसमोर उभा राहिला.

"काय संध्याकाळ उतरवलीय हो," तो म्हणाला. "मी रोज मागच्या दारात उभा राहून बघतो. अगदी अश्शीच असते."

मॅनेजर जमिनीकडे बघायला लागला. वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं.

दादाची मान जराशी वळली. "पाणी कसं वाटतंय तुम्हाला?" त्याने अगदी सहज विचारलं.

"तांब्याच्या हंड्यासारखं. आणि वर लाल. सूर्य नुकताच गेलाय बघा."

"हं," दादा म्हणाला. "संध्याकाळच आहे ती."

आम्ही घरी आलो. शेडचं दार उघडल्यावर वहिनीला राहवेना. "अहो, त्या बरण्या मी..."

"माहीत आहे," दादा म्हणाला. "हाताला धूळ लागली नाही, तेव्हाच कळलं कुणीतरी हलवल्यात. ठमीची वाट बघायला हवी होती मी. पण विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना, मला दिसत नाही ते."

वहिनी रडायला लागली. तो तिच्याकडे वळला, जरासा चुकीच्या दिशेला. "रडू नकोस. त्या आचाऱ्याला आवडली ना."

मग त्याने खुंटीवरची चाळणी काढून माझ्या हातात दिली आणि फळीकडे गेला. हाताला लागली ती बरणी चाचपून उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"चिठ्ठ्या लाव, ठमे. अक्षर मोठं काढायची गरज नाही, माझ्यासाठी नाहीत त्या. ही कुठली?"

मी झाकण उघडून बघितलं. "निळी," मी म्हटलं.

"खरंच?" दादाने विचारलं.