परतीचा बाण

केळव्याच्या देवळात चार वाजता बुवांचं कीर्तन होतं आणि साडेतीनला मी अजून बोईसरच्या ऑफिसात होते.

एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. रुग्णाच्या कार्डाचं स्टेट डायग्राम माझ्याकडे होतं. चौकोन म्हणजे कार्डाची अवस्था, बाण म्हणजे ती बदलते कशी. नवं, मग चालू. तीन महिने कोणी आलं नाही, की बंद. ‘बंद’मधून बाहेर एकही बाण नव्हता. मला ते दिसलं. ‘परत आला तर?’ अशी चिठ्ठी कागदावर चिकटवली. आमच्या टीमच्या प्रमुखांना, दिनानाथ सरांना, फोन केला असता तर पाच मिनिटं गेली असती. मी स्कूटर काढली.

कीर्तन असं रंगलं म्हणता! आख्यान कुठच्या कुठे गेलं आणि बुवा अलगद मूळ पदावर आले. डोळे भरून आले माझे. सोमवारी चिठ्ठी कुठेशी गळून पडली होती, आणि मीही विसरले.

सॉफ्टवेअर दवाखान्यात सुरू झालं. पुढे जूनमध्ये दवाखान्याच्या गाडीबरोबर मासवणला गेले. खिडकीशी एक बाई हेतल सिस्टरशी भांडत होती.

“तिसरी खेप हाय माजी! पोराच्या फिटच्या गोल्या दे ना.”

“नवसी, बुधाचं कार्ड बंद दाखवतंय गं. नवंही निघत नाही, नाव आधीच आहे म्हणतं. कार्डाशिवाय औषध देता येत नाही मला.”

“आमी वीटभट्टीवर गेलेलो. मशिनीला सांग, बुधा जित्ता हाय, बंद नाय झाला!”

रांगेतल्या बायका हसल्या. नवसी हसली नाही. “काल फिट येऊन चुलीवर पडला. कोपरापर्यंत हात भाजलाय.”

ती चिठ्ठी आठवली. तिथूनच सरांना फोन लावला.

“कीर्ती, मनाला लावून घेऊ नका,” सर म्हणाले. “परत येणाऱ्यांचं संस्थेने सांगितलंच नव्हतं, असं अहवालात लिहू.”

“मला दिसलं होतं, सर. विचारायचं सोडून मी कीर्तनाला गेले.”

सर म्हणाले, “तसंच लिहा मग. आज गोळ्या वहीत नोंदवून द्यायला सांगा. डॉक्टरांशी मी बोलतो.”

मी खिडकीशी गेले. “नवसीताई, ही चूक मशीनची नाही, माझी आहे. काम अर्धं टाकून मी कीर्तनाला गेले होते.”

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“कीर्तन चांगला झाला का?”

देवाशपथ, तिला टोमणा मारायचा होता की नुसतं विचारायचं होतं, मला कळलं नाही.

“झालं,” मी म्हणाले. खोटं बोलवेना.

“बरा. आता बुधाचा हात बघायला डाक्टरला घेऊन चल. घर लांब हाय.”

डॉक्टरांची पेटी मीच उचलली. परतीचा बाण त्याच संध्याकाळी काढला. ‘बंद’च्या चौकोनात अजून एकशे अकरा नावं अडकली होती. शनिवारी केळव्याला बुवा कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा मी एकेकाला फोन लावत होते.